शब्दवेध : जगत्

वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात आजही एकमेकांना ‘जय जगत्’ म्हणतात. विनोबांनी हा घोष 1957 साली कर्नाटकातल्या पदयात्रेत दिला.

‘जगत्’च्या मुळाशी गम् धातू, म्हणजे जाणे. त्याचे द्वित्व होऊन अर्थ झाला ‘सतत चालणारे’. कोर्टाच्या कागदांतली ‘जंगम’ मालमत्ता ह्याच कुळातली. वर्षानुवर्षे पायी हिंडणाऱ्या माणसाने नेमका हाच शब्द उचलावा, हे मला फार आवडते.

चिनी परंपरेतला ‘दाओ’ही मुळात रस्ताच. तिथे ‘तिआन-रेन हे-यी’ म्हणतात : आकाश आणि माणूस एकच. आपल्या ‘पिंडी ते ब्रह्मांडी’चा हा शेजारी, नाते सांगायला मात्र जाऊ नये, दोन्ही आपापल्या मातीतले. अकराव्या शतकातल्या चांग झाय ह्या पंडिताने आपल्या दालनाच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक छोटा लेख लावला होता. त्यात आकाश बाप, पृथ्वी आई, सगळी माणसे भावंडे आणि इतर सृष्टी सोबती. राजा? तो ह्या घरातला थोरला मुलगा. विनोबांनी मात्र त्या थोरल्यालाही पायउतार केले असते. त्यांना शासनमुक्त समाज हवा होता.