‘लग्नगडी’ कोणाला म्हणत?

मराठीत ‘गडी’ हा जिव्हाळ्याचा शब्द आहे. सवंगडी आणि खेळगडी ही त्याचीच भावंडे. कबड्डीत बाद होतो तोही गडीच. मात्र घरी-शेतावर राबणाऱ्या नोकरालाही मराठीने हेच नाव दिले. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या पालघरच्या, आदिवासी पट्ट्यात या दुसऱ्या अर्थाला ‘लग्न’ जोडले गेले आणि ‘लग्नगडी’ हा शब्द रूढ झाला.

अपरिचित माणसाला तो नवरदेवाचा पाठीराखा वाटावा. प्रत्यक्षात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या घरी बांधला गेलेला माणूस म्हणजे लग्नगडी.

व्यवहार वरकरणी सरळ होता. मुलीकडे द्यायचे देज, मांडव, पाहुण्यांचे जेवण, ताडी यांचा खर्च वारली किंवा कातकरी तरुणाला झेपत नसे. पैसे सावकार देई आणि ते फिटेपर्यंत तरुणाने त्याच्याकडे राबायचे, असे ठरे. फेड कष्टाने करायची, पण कष्टाचा हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वाचता येणारा एकटा सावकारच. मजुरी म्हणून मिळे ते पोटापुरते धान्य. लग्न करून आणलेली बायकोही त्याच घरी कामाला जुंपली जाई. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ‘खावटी’ घ्यावी लागे, तीही वाढीने परत करायची. अशा रीतीने कर्ज एका लग्नाचे असले, तरी आयुष्य दोघांचे जाई; कित्येकदा पुढे मुलांचेही.

जव्हार आणि मोखाडा ही नावे आज एका दमात घेतली जातात. इंग्रजी अमलात मात्र त्यांच्यामध्ये राज्याची सीमा होती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेले. मोखाडा हा ब्रिटिश मुलखातला पेटा. 1936 च्या आदेशाने शहापूर, डहाणू आणि उंबरगावबरोबर मोखाड्याचीही ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत गणना झाली. अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे सोपवली. संस्थानी प्रजा अर्थातच या चौकशीच्या कक्षेबाहेर राहिली. डोंगर तोच, भूकही तीच. सरकारी कागद मात्र सीमेपाशी थांबला.

चौकशीने वेठ उठली नाही. ती उठवण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न 1945 मध्ये सुरू झाला. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असे ठरले. तेथून गावोगावी जाऊन लग्नगड्यांना मोकळे करण्याचे काम झाले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला दोन वर्षांनी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यामुळेच ‘लग्नगडी’ हा शब्द शहरी वाचकांपर्यंत पोहोचला.

पुढे 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या व्याख्येत देशभरातील वेठीची स्थानिक नावे एकामागून एक दिली आहेत: सागरी, जीथा, कामिया, हरवाई, वेट्टी आणि अशी आणखी बरीच. त्या यादीत ‘लग्नगडी’ नाही. कायदेशीरदृष्ट्या याने काही अडत नाही, कारण व्याख्या नावांपुरती मर्यादित नाही. तरीही ज्या शब्दासाठी माणसे गोळीला सामोरी गेली तो त्यात नसावा, हे खटकतेच. ‘खावटी’चे नशीब वेगळे निघाले, ती सरकारी योजनेचे नाव झाली. 2020 मध्ये जाहीर झालेल्या खावटी अनुदानात कुटुंबाला 4000 रुपये होते, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात.

‘लग्नगडी’ आता बोलण्यात क्वचितच येतो. जव्हार-मोखाड्यात त्याची जागा ‘उचल’ने घेतली आहे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ते बहुधा आगाऊ रक्कम उचलूनच. उचल घेण्याची कारणे जुनीच: आजारपण, धान्य, घरातले लग्न. हंगाम संपताना हिशेब मालकाच्या वहीतून निघतो. तो फिटला नाही, तर पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर जावे लागते.

2021 मध्ये मोखाडा तालुक्यातील एका मजुराच्या मृत्यूनंतर 1976 च्या याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपोटी त्याला राबवून घेतल्याची तक्रार होती.