मरीचें स्थान : मांडवी ते मामला

बीड जिल्हा संशोधकांस परिचित आहे तो मुकुंदराज व दासोपंत यांच्या अंबाजोगाईमुळें आणि बीड शहरानजीकच्या खजाना विहिरीमुळें. त्याच जिल्ह्यांतील मामला या लहानशा खेड्याचें नांव इ. स. १९९४ (शके १९१६) पर्यंत फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं तेथें ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गांठीचा प्लेग, उद्भवला. इ. स. १९६६ नंतर या देशांत मनुष्यास प्लेग झाल्याची खात्रीची नोंद नव्हती. रोग नामशेष झाला अशीच समजूत होती. तो परत कां आला याइतकाच, तो त्या ठिकाणींच कां उद्भवला हा प्रश्न महत्त्वाचा आहे. व त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

हा प्रश्न नवा नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायांत अग्निवेशानें आत्रेयांस हेंच विचारलें आहे : प्रकृति, आहार, बल व वय हीं प्रत्येकाचीं भिन्न असतां एकाच रोगानें एकाच वेळीं सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेयांनीं वायु, उदक, देश व काल हीं चार साधारण कारणें सांगितलीं. दूषित देशाच्या लक्षणांत मूषकांचाही उल्लेख केला. आणि या सर्वांचें मूळ म्हणून देश, नगर व निगम यांच्या प्रधानांचा अधर्म दाखविला. ग्रंथकारास जंतु ठाऊक नव्हते. परंतु रोगाचा देशाशीं व देशाचा राज्यकर्त्यांच्या वर्तनाशीं संबंध आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

आतां मुंबई पाहूं. इ. स. १८९६ (शके १८१८) च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला तो मांडवी भागांत. मांडवी म्हणजे बंदर, धान्याचीं वखारें आणि त्यांस लागूनच हमाल-मजुरांच्या दाटीच्या चाळी. पिसवेच्या द्वारें उंदरापासून मनुष्यास रोग होतो हें पॉल-लुई सिमाँ यांनीं इ. स. १८९८ मध्यें प्रतिपादिलें. तें सर्वमान्य होण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं. तोंपर्यंत दोष गरिबांच्या अस्वच्छतेस दिला गेला. वस्तुतः धान्य व निजणारा मनुष्य एकाच भिंतीच्या दोन अंगांस आल्यावर मधला उंदीर दोघांचा शेजारी होतो. आणि तेथें निजणें हा मजुराच्या आवडीचा नव्हे, भाड्याचा प्रश्न होता.

उपायांतही हाच भेद राहिला. इ. स. १८९८ मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधारणा-मंडळानें कोंदट वस्त्या पाडल्या. परंतु पाडलीं त्या मानानें घरें बांधलीं नाहींत, त्यामुळें दाटी नाहींशी न होतां शेजारच्या गल्लींत गेली. खेड्यापाड्यांतून उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून शेतांत झोपड्या घालीत. हा उपाय खरोखर उत्तम होता. मात्र त्यास शेत असावें लागे आणि चार महिने मजुरी बुडाली तरी चालेल अशी ऐपत असावी लागे.

मामल्याची हकीकत याच मालिकेंतली आहे. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारी-परिसरांत मोठा भूकंप झाला. हादरे बीड जिल्ह्यांतही बसले. घरें भेगाळलीं, राहण्यास भय वाटूं लागलें, म्हणून लोक तात्पुरत्या निवाऱ्यांत गेले. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिलें. राखणदार नसलेलें तें धान्य खाऊन उंदीर माजले, आणि रानांतील उंदरांत टिकून राहिलेला रोग घरच्या उंदरांत शिरला, असें तज्ज्ञांचें अनुमान आहे. पुढल्या वर्षीं ऑगस्टच्या आरंभीं उंदीर पडूं लागले, पिसवांचा उपद्रव वाढला, व महिनाअखेरीस काखेंत-जांघेंत गांठी आलेले रुग्ण आढळले. उंदीर पडण्याचा अर्थ आजोबांच्या पिढीस कळत होता. मधल्या पिढीस तो कळण्याचें कारणच उरलें नव्हतें.

सप्टेंबरांत सुरतेस फुफ्फुसाचा प्लेग झाला, तोही तापीच्या पुरानंतर व परप्रांतीय मजुरांच्या वस्त्यांत. ज्यांस शक्य होतें ते लाखोंनीं शहर सोडून गेले. हा प्लेगच होता कीं काय असा वाद तेव्हां माजला होता. साथीच्या भागांतील जंतु प्लेगचेच असल्याचें हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं इ. स. २००० मध्यें दाखविलें.

यावरून आमचें मत असें कीं, मरीचें स्थान दैवानें ठरत नाहीं. मांडवींत भाड्यानें व मामल्यांत मोडक्या घरानें तें ठरविलें. भूकंप सर्वांस सारखा, परंतु पुन्हा पक्क्या घरांत जाण्याची वेळ सर्वांस सारखी नव्हे.

संग्राहक मित्रांस एक विनंती आहे. पोथीच्या अखेरच्या पानावरील टिपणें, जमाखर्च, खाजगी पत्रें, आणि इ. स. १९४८ पर्यंत बीड ज्या निजामी अमलांत होतें त्यांतील मोडी व उर्दू कागद यांत मरीचा उल्लेख आढळल्यास केवळ तिथि उतरून घेऊं नये. पेठ कोणती, गल्ली कोणती, घर वेशीच्या आंत कीं बाहेर, बळद कोठें होतें, हेंही टिपावें. जे मेले त्यांतील बहुतेकांनीं कागद ठेवला नाहीं. दुसऱ्याच्या कागदांत त्यांचें निदान ठिकाण तरी सांपडूं शकतें.