क्लब नेमका कोणाचा?

घर माझं आहे म्हणताना आपण खरेदीखताकडे बोट दाखवतो. फुटबॉल क्लबच्या बाबतीत कशाकडे दाखवायचं?

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लब मर्यादित कंपन्या होऊ लागले. तेव्हा फुटबॉल असोसिएशनने लगाम घातला: लाभांशाला मर्यादा, संचालकांना पगार नाही. म्हणजे मालक व्हा, पण त्यातून पैसा काढू नका! पुढे हा ‘नियम 34’ म्हणून ओळखला गेला. 1983 मध्ये टॉटनहॅमने काय केलं बघा. नियम मोडला नाही. क्लबच्या डोक्यावर एक होल्डिंग कंपनी बसवली आणि ती शेअर बाजारात नेली. नियम क्लबला, कंपनीला नाही. वकिली डोकं, दुसरं काय.

जर्मनीत 1998 पर्यंत क्लब म्हणजे सभासदांची संस्था. त्यानंतर कंपनी काढायला परवानगी मिळाली, पण निम्म्याहून एक मत जास्त मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे, या अटीवर. लेव्हरकूझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कारखान्यांचे क्लब, त्यांना सूट.

स्पेनने 1990 च्या कायद्याने कर्जबाजारी क्लबांना कंपन्या व्हायला लावलं. रेआल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ, ओसासुना तेवढे सभासदांचे राहिले. आणि 2021 मध्ये श्रीमंतांची बंदिस्त सुपर लीग काढायला निघालेल्या बारा क्लबांत माद्रिद आणि बार्सिलोना होतेच! जर्मन एकही नव्हता. तेव्हा नुसतं ‘सभासदांची मालकी’ म्हणून भागत नाही, हे मी माझ्या डाव्या मित्रांना नेहमी सांगतो.

पण विम्बल्डनचं काय झालं ते ऐका. 1988 चा एफए कप जिंकलेला हा लंडनचा क्लब. मालकांना तो सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचा होता. 2002 मध्ये तिघांच्या आयोगाने परवानगी दिली, वर असंही म्हटलं की चाहत्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. चाहत्यांनी काही आठवड्यांतच विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन उभा केला, नवव्या पायरीवरून. कागदोपत्री जुना क्लब, त्याची लीगमधली जागा, सगळं मिल्टन कीन्सकडे गेलं होतं. इतिहास मात्र तिकडे टिकेना. अखेर त्या क्लबने 1988 च्या कपची प्रतिकृती आणि जुनी मानचिन्हं 2007 मध्ये विम्बल्डन ज्या भागात येतं त्या मर्टनच्या स्थानिक प्रशासनाकडे सोपवली. 2011 मध्ये चाहत्यांचा क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला, आणि 2020 च्या नोव्हेंबरात प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानाच्या जवळच, परत खेळू लागला.