मारुति आठशे : दोन घडणींचा निर्णय

‘मारुति ८००’ या नांवानें प्रसिद्ध असलेली लहान मोटारगाडी आरंभापासून अखेरपर्यंत एकच होती, अशी समजूत रूढ आहे. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. त्या एका नांवाखालीं दोन भिन्न घडणी नांदल्या. पोथ्यांच्या परिभाषेंत त्यांस दोन वाचना म्हणावें लागेल.

प्रथम नांवाविषयीं. मारुताचें अपत्य तो मारुति, ही व्युत्पत्ति सरळ आहे. ‘आठशे’ हा आंकडा मात्र ढोबळ होय. यंत्राचें खरें माप ७९६ घन सेंटिमीटर. १९७१ सालीं निघालेली मूळ कंपनी लोकांच्या हातीं गाडी न देतांच बुडाली. पुढें १९८१ सालीं सरकारी मारुति उद्योग स्थापन झाला, १९८२ सालीं जपानच्या सुझुकीशीं करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं पहिल्या ग्राहकास किल्ली दिली.

ही पहिली घडण सुझुकीच्या ‘एस्‌एस्‌ ८०’ या गाडीची, कोनदार अंगाची. १९८६ सालीं तिची जागा दुसरीनें घेतली. ती जपानांत १९८४ सालीं निघालेल्या आल्टोवरून घेतलेली असून सर्वांच्या स्मरणांत आहे ती हीच. यंत्राचें कूळ तेंच राहिल्यामुळें व नांवही न बदलल्यामुळें हा भेद लोकांच्या ध्यानांत राहिला नाहीं.

लोकांचा लोभ या गाडीवर कां जडला, हें कळण्यास तत्पूर्वींच्या गाड्या पाहाव्या. ॲम्बॅसडर काय, आमच्या मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी पद्मिनी काय, दोहोंचीं मूळ रूपें १९५० नंतरच्या दशकांतलीं. यंत्र पुढें, पण गति मागच्या चाकांस. आठशेंत आडवें बसविलेलें तीन नळकांड्यांचें यंत्र पुढचींच चाकें फिरवी. त्यामुळें तळाखालून मागें जाणारा लांब दांडा नाहींसा झाला व इवल्याशा गाडींत चार माणसें बसूं लागलीं. वजन तर इतकें कमी कीं बंद पडल्यास घरचींच माणसें ती ढकलून नेत. ज्या कुटुंबांत आजवर स्कूटरच होती तेथें ही पहिली मोटार आली. हा जिव्हाळा जाहिरातीनें उत्पन्न होणारा नव्हे.

आतां संग्राहकांस एक विनंति. पहिल्या घडणीचे नमुने विरळ झाले आहेत, आणि त्यांचा जीर्णोद्धार दुसऱ्या घडणीचे भाग घालून केला जातो. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका गाडीचें अंग पहिलीचें, आसनें व चक्र दुसरीचें होतें. मालक ती अस्सल म्हणून दाखवीत. गळालेलें पान दुसऱ्या पोथींतून उतरून घ्यावें, पण तसें समासांत नमूद करावें, हा नियम येथेंही पाळला जावा. काढलेला जुना भाग फेंकूं नये.

कालनिर्णयास केवळ नोंदणीपुस्तक पुरेसें नाहीं. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक त्याशीं ताडून पाहावा. उत्पादन जानेवारी १९१४ मध्यें नव्हे, तर आपल्याच डोळ्यांदेखत, जानेवारी २०१४ मध्यें थांबलें. परंतु धुराविषयींच्या नव्या नियमांमुळें मुंबई, पुणें व सोलापूर धरून तेरा शहरांत या गाडीची विक्री २०१० सालींच बंद पडली होती. यास्तव २०१२ सालीं पुण्यांत नवी घेतली असें कोणी सांगितल्यास ती नोंद विशेष बारकाईनें तपासावी.