स्पोकन ट्युटोरियल

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या दृक्‌श्राव्य पाठांचा, मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रकल्प. त्याला केंद्र सरकारने २००९ मध्ये सुरू केलेल्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षण अभियानाचे साहाय्य लाभले. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब यांवरील पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात.

खरी मेहनत संहितेत असते. एका रकान्यात पडद्यावर काय दिसावे, दुसऱ्यात काय बोलावे. मग विषयाचा गंधही नसलेली व्यक्ती ती वाचत प्रत्येक कृती करून पाहते; ती जिथे अडते तिथे मजकूर बदलतो. ध्वनिमुद्रण त्यानंतर. मराठी आवृत्तीत पडद्यावरचे इंग्रजी तसेच राहते, फक्त निवेदन बदलते. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे, कारण मायबोलीतून समजून घेतलेल्या मुलांना पुढे नोकरीत इंग्रजी मेनूच हाताळावा लागतो. पाठ उतरवून ठेवता येतात, म्हणून धड रेंज नसलेल्या रत्नागिरीच्या खेड्यांतही ते चालवता येतात.

‘फॉसी’ हा आयआयटीतलाच जोडप्रकल्प. त्यात देशभरातील विद्यार्थी क्रमिक पुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहितात. तपासणीनंतर ती सर्वांसाठी खुली होतात.