शरणपूरचा जेकब

नाशिकचा शरणपूर रोड आपल्या परिचयाचा आहे. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आसरा मिळे. लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम ती तेथेच शिकली. इतिहासात त्यांना 'नासिक बॉईज' म्हणतात. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक.

1872 साली जेकब काही सोबत्यांसह संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला मध्य आफ्रिकेत गेला. 1873 च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच पुरले आणि देह मीठ लावून वाळवला. जेकबने प्रार्थना म्हटली, झाडावर नाव कोरले, सामानाची यादी केली. मग सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली हा तांडा हजाराहून अधिक मैल चालून फेब्रुवारी 1874 मध्ये समुद्रकिनारी पोहोचला. देहाबरोबर नोंदवह्याही शाबूत होत्या. जेकबने स्वतः रोजनिशीही लिहिली. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

त्याआधी अकराच वर्षे, 1863 मध्ये, लंडनमधील मानववंशशास्त्र संस्थेचा अध्यक्ष जेम्स हंट कवटी आणि मेंदूचे दाखले देऊन आफ्रिकी माणूस जन्मतःच बुद्धीने कमी असल्याचे सांगत होता. जेकब आणि त्याचे सोबती म्हणजे या मताविरुद्धचा जिवंत पुरावाच. मग मत बदलले का? लिव्हिंग्स्टनच्या थडग्यावर 'निष्ठावान हातांनी' त्याला आणल्याचे कोरले आहे. ते हात कोणाचे, हे मात्र नाही. निर्णय, नियोजन, लेखन या साऱ्याला 'निष्ठा' हे एकच नाव मिळाले. पूर्वग्रह पुरावा नेहमी नाकारतोच असे नाही; तो त्याला खालच्या खणात ठेवतो.

विज्ञानाने पुढे हंटची मांडणी मोडीत काढली. 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातील प्रथिनांच्या अभ्यासातून दाखवले, की मानवातील सुमारे 85 टक्के आनुवंशिक विविधता प्रत्येक लोकसमूहाच्या आतच असते; तथाकथित वंशांमधला फरक अगदी थोडा.

पण खण आपल्याही मनात असतात. सावळ्या मुलीला नाटकात कोणते काम मिळते? कोणाची हुशारी 'हुशारी' ठरते आणि कोणाची नुसती 'मेहनत'? वर्गात जेकबची गोष्ट सांगितल्यावर हे प्रश्नही आपण विचारू या.