रूडी रे मूर : 'रॅपचे गॉडफादर' ठरलेले विनोदवीर

रूडी रे मूर (१७ मार्च १९२७ – १९ ऑक्टोबर २००८) हे अमेरिकी विनोदवीर, गायक व चित्रपट अभिनेते होते. त्यांचा जन्म आर्कान्सा राज्यातील फोर्ट स्मिथ येथे झाला. गायक म्हणून फारसे यश न लाभल्याने ते लॉस एंजेलिसमधील एका रेकॉर्डच्या दुकानात काम करीत. तेथे येणाऱ्या एका फिरस्त्याकडून त्यांनी 'डोलमाइट' या बढाईखोर नायकाच्या यमकबद्ध कथा ऐकल्या. आफ्रिकी-अमेरिकी समाजात 'टोस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मौखिक कथनांना संगीताची साथ देऊन मूर यांनी १९७० पासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. अश्लील भाषेमुळे त्या उघडपणे विकल्या जात नसत. त्यांच्या कमाईतून त्यांनी 'डोलमाइट' (१९७५) हा चित्रपट उभारला.

'डिस्को गॉडफादर' (१९७९) अपयशी ठरल्यावर त्यांची चित्रपट कारकीर्द ओसरली. मात्र तालावर यमके जुळवीत आत्मप्रौढी मिरवण्याच्या त्यांच्या शैलीत रॅप गायकांना आपले पूर्वसंचित दिसले. टू लाइव्ह क्रू व डॉ. ड्रे यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणांतील अंश वापरले. १९९० मध्ये बिग डॅडी केन यांच्यासमवेत मूर यांनी शब्दांची जुगलबंदी रंगविली, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. स्नूप डॉग यांनीही त्यांचे ऋण मान्य केले.

एडी मर्फी यांनी त्यांची भूमिका साकारलेला 'डोलमाइट इज माय नेम' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. त्यापूर्वी अकरा वर्षे ओहायोतील अ‍ॅक्रन येथे मूर यांचे निधन झाले होते.